शोधणारं बोट, दाबणारं बोट

लेखमाला : घरातली यंत्रं, भाग ९

कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुकरकडे बघत बसावं लागत नाही. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे आजोबाही 'तिसरी झाली गं' म्हणून आतल्या माणसाला सावध करतात. मागच्या आठवड्यात कुकरची वाफ, वजन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांवर लिहिलं, तेव्हा त्याचा हा गुण सांगायचा राहिला. आत काय चाललंय ते कुकर सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगतो.

गॅसचंही तसंच. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो, त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास देणं सक्तीचं झालं. गळणाऱ्या गॅसपुढे आपण सगळेच आंधळे असतो, म्हणून तो सगळ्यांच्या नाकाला कळेल अशी सोय झाली. 'दृष्टिहीनांसाठी खास' अशी चिठ्ठी त्यावर कुणी लावली नाही.

आजचा विषय तोच. ज्या घरात एकाला दिसत नाही आणि बाकीच्यांना दिसतं, त्या घरातली यंत्रं कशी असावीत?

माझी मावशी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहते. पन्नाशी ओलांडल्यावर काचबिंदूनं तिची नजर गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे पचवायला घराला वर्षभर लागलं. त्यानंतर तिनं स्वयंपाकघर पुन्हा ताब्यात घेतलं. शेगडी, मिक्सर, कुकर यांच्याशी तिचं कधी बिनसलं नाही. मिक्सरचं गोल बटण शून्यावर आलं की खट्ट होतं, पुढे एक, दोन, तीन, आणि उलटीकडे फिरवलं तर सोडेपर्यंतच चालतं. बटणाच्या पाठीवरची उभी कड कुठे वळली आहे हे बोटाला लागलं की मिक्सर कुठल्या वेगावर आहे ते समजतं. घोटाळा सुरू झाला घरात इंडक्शनची शेगडी आली तेव्हा.

ही शेगडी म्हणजे सपाट काच. मावशीनं चालू करायची जागा शोधायला बोट फिरवलं आणि शोधता शोधताच काहीतरी चालू झालं. मग 'पीं' वाजलं. चालू झाली की बंद, तापमान वाढलं की कमी झालं? सगळ्याला एकच 'पीं'.

'अगं, हात लावला तरी ओरडतं, मग बघू कसं?' असं ती मला म्हणाली, आणि माझ्या मते या विषयातली मुख्य गोष्ट तिनं त्या वाक्यात सांगून टाकली. डोळस माणूस बटण डोळ्यांनी शोधतो आणि बोटानं दाबतो. मावशीला दोन्ही कामं बोटानंच करायची असतात. उंचवट्याच्या बटणावर हे जमतं. बोट हलकं फिरवलं तर ते शोधणारं बोट, जोर दिला तर दाबणारं. टचच्या काचेला हा फरक कळत नाही. तिच्या लेखी प्रत्येक स्पर्श म्हणजे हुकूम. पाण्याचा थेंबही तिला कधीकधी बोटासारखाच वाटतो, हे डोळस बायकांनाही ठाऊक आहे.

मग कंपन्या काच का वापरतात? एक तर पुसायला सोपी. बटणाला भोक पाडावं लागतं, भोकातून तेल आणि वाफ आत जाते. शिवाय एकाच पाटीवर वेगवेगळी अक्षरं छापली की तीन मॉडेलं तयार. ही कारणं खोटी नाहीत. पण काचेवर बोट ठेवायला एक खोलगट घर, एक उभी कड दिली तर पुसायचं काम फारसं वाढत नाही.

दुसरी अडचण घर एकत्र वापरतं म्हणून येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एकटी राहणारी मावशी आपलं यंत्र पाठ करून टाकेल. पण सकाळी नातवानं मायक्रोवेव्ह 'ग्रिल'वर सोडला, सुनेनं पॉवर कमी केली, आणि यंत्रानं ते लक्षात ठेवलं, तर मावशीचं पाठांतर फुकट. एकच बटण पुन्हा पुन्हा दाबून प्रोग्रॅम बदलायचा असेल तर सुरुवात कुठून झाली हे माहीत नसताना मोजणार काय? फिरणाऱ्या गोल बटणात ही भानगड नसते, त्याचं टोकच जागा सांगतं. दाबायच्या बटणालाही साधा उपाय आहे. बंद करून चालू केलं की यंत्र नेहमी पहिल्या प्रोग्रॅमवर यावं, आणि फेरी मारून पहिल्यावर परत आलं की वेगळा आवाज यावा. या दुसऱ्या उपायासाठी जपाननं प्रमाणक केलेलं आहे, त्याकडे येतोच.

आधी आपलं वॉशिंग मशीन. या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, पन्नासएक किलोमीटरवर जायकवाडीचं धरण भरलेलं असलं तरी. म्हणून बादलीनं पाणी ओतून चालणारं सेमी-ऑटोमॅटिक मशीन इथल्या घरांतून हटलेलं नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना भरात होता, त्या काळात शहरातल्या गल्लीगल्लीत ही दोन टबांची मशीनं आली. त्यांचा टायमर चावीच्या घड्याळासारखा, स्प्रिंगवर चालणारा. लाईट गेली तरी त्याची टिकटिक चालू राहते. टिकटिक ऐकू येते पण पाण्याची घुसळण थांबली, म्हणजे लाईट गेली, हे मावशी आतल्या खोलीतून सांगते. त्या टायमरवर कुणी अंधांचा विचार करून काही बसवलं नव्हतं. स्वस्त पडतो म्हणून तो होता.

इंडक्शनवर मात्र घरानं आपापले उपाय केले. सुनेनं चालूच्या जागेच्या कडेला टिकली लावली. ती आठ दिवसांत वाफेनं गळाली. मुलानं एम-सीलचा थेंब दिला, तो टिकला. नंतर एका हितचिंतकानं मायक्रोवेव्हच्या सगळ्या पाटीवर ब्रेलची पट्टी चिकटवून दिली. हेतू चांगला, परिणाम असा की खालची अक्षरं झाकली गेली, सुनेला काही दिसेना, आणि मावशीला तर ब्रेल येतच नाही! उतारवयात नजर गेलेल्या बहुतेकांचं असंच असतं. ब्रेल शिकलेल्या मुलाला ते हवंच, पण ते अक्षरांच्या शेजारी हवं, अक्षरांच्या डोक्यावर नको. आणि ज्यांना धूसर दिसतं त्यांचं काय? स्टीलवर करड्या रंगात छापलेली अक्षरं मोतीबिंदू झालेल्या आजोबांना ब्रेलइतकीच परकी. काळ्यावर ठळक पांढरं अक्षर देण्यात कंपनीचा एक पैसा जास्त जात नाही.

एकच वस्तू सगळ्यांना वापरता यावी, या विचाराला जपानमध्ये स्वतःचं नाव आहे, 'क्योयो-हिन', म्हणजे सामाईक वापराची वस्तू. मला आवडतं ते हे की त्याची एक वाट खेळण्यांतून आली. अंध मुलाला वेगळं खेळणं दिलं तर ते एकटंच खेळतं, म्हणून सगळ्या मुलांना एकत्र खेळता येतील अशी खेळणी निघाली, आणि १९९० पासून त्यांच्या खोक्यावर मार्गदर्शक कुत्र्याचं चित्र येऊ लागलं. पुढच्याच वर्षी काओ कंपनीनं शॅम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा दिल्या. डोक्याला फेस लावून डोळे मिटले की शॅम्पू कुठला नि कंडिशनर कुठला हे कुणालाच दिसत नाही. काओनं त्या खाचांवर हक्क सांगितला नाही, त्यामुळे इतर कंपन्यांनीही त्याच खाचा घेतल्या. मग २००० साली प्रमाणक झालं : चालू करायच्या बटणावर उठावाचा ठिपका, बंद करायच्या बटणावर उठावाची रेघ. आवाजाचं प्रमाणक वेगळं, त्यात सुरू, बंद, काम संपलं आणि 'पहिल्या जागी परत आलो' यांचे आवाज निरनिराळे. कंपनी कुठलीही असो, खूण तीच. बटणांच्या मोबाईलमध्ये पाचच्या आकड्यावर ठिपका असतो तसंच.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातलं ४३ वं कलम सांगतं की सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकवस्तू तयार व्हाव्यात आणि बाजारात याव्यात, यासाठी सरकारनं प्रोत्साहन द्यावं. प्रोत्साहन हा शब्द सरकारी भाषेत किती मऊ असतो ते वाचकांना सांगायला नको. तेच सरकार फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि खोलीतल्या एसीवर वीज बचतीचे तारे लावणं सक्तीचं करतं, आणि कंपन्या मुकाट्यानं लावतात. तारे सक्तीचे होतात तर एक ठिपका का होऊ नये?

'आता सगळं मोबाईलवरून चालतं' असं एक उत्तर हल्ली मिळतं. काही घरांत चालतंही. फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक मराठीत बोलतं, आणि ॲप नीट केलेलं असेल तर धुण्याचा प्रोग्रॅम वाचून दाखवतं. नीट केलेलं नसेल तर नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणत राहतं. आणि हाताला कणीक लागलेली असताना, वायफाय गेलेलं असताना, यंत्रावरच एक बटण हवं असतं.

गेल्या महिन्यात मावशीचं जुनं मशीन गेलं. तिला घेऊन जालना रोडवरच्या एका दुकानात गेलो. दाराशी महागडी यंत्रं, सगळ्यांना काच. विक्रेता भला मुलगा. मावशीला दिसत नाही म्हटल्यावर त्यानं सगळी माहिती मला सांगायला सुरुवात केली. तिनंच त्याला थांबवलं. 'बाळा, फिरवायच्या बटणाचं दाखव.' तो आम्हाला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. तिथे स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक मशीनं ओळीनं उभी होती. मावशीनं एकेकाचा टायमर फिरवून पाहिला. चौथ्याशी थांबली, पुन्हा शून्यावर आणलं, खट्ट झालं.

'हे. आणि याला एम-सील लागणार नाही,' ती सुनेला म्हणाली.

(पुढच्या आठवड्यात : पायाचं शिलाई मशीन)