गाठीत शिरलं कोण?

बेंबीच्या वर चार बोटं अंतरावर हात ठेवा. आत जठर आहे आणि जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून, एक लांबट मऊ अवयव आडवा पडलाय. ते तुमचं स्वादुपिंड. मोठ्या माणसाचं साधारण १५ सेंटिमीटर लांब असतं. रोज लिटरभर तरी पाचकरस तयार करतं, शिवाय इन्सुलिनही बनवतं. एवढं करून गाजावाजा शून्य!

पंचाईत तिथेच होते. इतक्या आत कर्करोगाची गाठ झाली, तर ती हाताला लागत नाही आणि सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. कळतं तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो. पाच रुग्णांपैकी जेमतेम एकाची गाठ ऑपरेशन करून काढता येते.

मग आपल्या टी-पेशी काय करत असतात? पुस्तकांत त्यांना सैनिक म्हणतात. मला ते फारसं पटत नाही, कारण त्यांचं बरंचसं काम लढण्याचं नसून चाचपण्याचं आहे. रक्तातून फिरायचं, भेटेल त्या पेशीच्या अंगावरचे प्रथिनांचे तुकडे तपासायचे. तुकडा ओळखीचा असेल तर पुढे चालू लागायचं. परका वाटला, तर त्या पेशीला भोकं पाडून तिला संपवायचं. या पेशी परिपक्व होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी लहानपणी चांगली मोठी असते आणि वय वाढेल तशी आक्रसत जाते. म्हणजे या बाबतीत तुम्ही आजोबांपेक्षा श्रीमंत आहात, बरं का!

रक्ताच्या कर्करोगात टी-पेशींना शत्रू रक्तातच गाठता येतो. म्हणून तिथे टी-पेशी बाहेर काढून, तयार करून परत सोडण्याची युक्ती चांगली चालते. मुंबईत पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाने मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला २०२३मध्ये परवानगी मिळाली, तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठीच. स्वादुपिंडाची गाठ मात्र भलती चिवट. तिच्यात कर्करोगाच्या पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती राठ तंतूंचं जाळं उदंड. टी-पेशी बाहेरच ताटकळत राहतात.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन आहे. तिथल्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं रक्त घेतलं, त्यातल्या टी-पेशी वेगळ्या केल्या आणि प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाच्या पेशींत सापडणारी पाच प्रथिनं ओळखायला शिकवलं. एकच का नाही? कारण गाठ लबाड असते, एखादं प्रथिन ती टाकूनही देते. पाचही टाकणं तिला जड जातं. शिकलेल्या पेशी वाढवायच्या आणि महिन्यातून एकदा, असं सहा वेळांपर्यंत शिरेतून परत द्यायच्या. एका वेळचा डोस शरीराच्या दर चौरस मीटर कातडीमागे १ कोटी पेशींचा. मोठ्या माणसाला झाल्या पावणेदोन कोटींच्या आसपास. आकडा ऐकून दचकलात? मी हिशेब करून पाहिला. सगळ्या एकत्र गोळा केल्या तर एक-दोन मोहरीच्या दाण्यांएवढ्या भरतील!

२०२५मध्ये या प्रयोगाचा अहवाल आला. रुग्ण होते ३७. सगळे बरे झाले का? नाही. पण एवढ्या कोटींनी पेशी देऊनही मोठा त्रास जवळपास कुणालाच झाला नाही, हे मोठंच. त्यांतल्या एका गटाची गाठ काढता येण्याजोगी होती. त्यांना पहिला डोस दिला तो चक्क ऑपरेशनच्या आधी.

गाठ काढूनच टाकायची आहे, तर आधी पेशी कशाला? एक तर गाठ जागेवर असेपर्यंत टी-पेशींना तिच्याशी प्रत्यक्ष भिडता येतं. दुसरं कारण मला जास्त आवडतं. टी-पेशी आत शिरल्या की नाही, हे नुसत्या रक्ततपासणीतून नीट कळत नाही. गाठच हातात यायला हवी. ती तर ऑपरेशनमध्ये येणारच असते!

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेच एका लशीच्या बाबतीत करून पाहिलं. लस म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्याच पेशी, पण किरणांचा मारा करून अशा केलेल्या की त्यांची वाढच होऊ नये. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी ती टोचली. नंतर काढलेल्या गाठीचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप केले, ते काचेवर ठेवले, रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तंतूंच्या गर्दीत ठिकठिकाणी रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके! घसा सुजला की गळ्याशी हाताला लागतात त्या लसिकाग्रंथींसारखी त्यांची मांडणी. ३९पैकी ३३ जणांच्या गाठींत ते सापडले. लस न घेतलेल्यांच्या गाठींत असे पुंजके नव्हते.

म्हणजे आत शिरता येतं. पण जॉन्स हॉपकिन्सच्या या प्रयोगाच्या २०१४च्या अहवालात आणखी एक गोष्ट होती. पुंजक्यांतल्या पेशींवर त्यांना ‘थांब’ म्हणणारी प्रथिनंही वाढलेली होती. दारातून आत आल्या आणि तिथेच गप्प बसल्या! मग पुढच्या प्रयोगात त्या ‘थांब’चा आवाज बंद करणारं औषध लशीच्या जोडीला दिलं. तेही ऑपरेशनच्या आधीच.