आतून पडणारा वेढा

वालावलच्या लक्ष्मीनारायण देवळाजवळ दशावताराचा रंगपट मांडलेला. राजाचं काम करणारा नट आरशासमोर कमरेला शेला गुंडाळत होता. दोन वेढे घेतले, मनाजोगते बसेनात, पुन्हा सोडले. म्हणाला, "पयलो येढो घट बसाक व्हयो. मगे नाचताना सुटना नाय."

मला मज्जातंतूवरचं मायलिन नावाचं आवरण आठवलं. तेही वेढ्यावर वेढा घेऊनच तयार होतं. १९५४ साली बेटी गेरेन यांनी कोंबडीच्या गर्भातल्या नसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि सांगितलं, की श्वान नावाची आधारपेशी स्वतःच तंतूभोवती गुंडाळली जाते.

पण नवा वेढा पडतो कुठून? रिचर्ड आणि मेरी बंगे यांच्या गटाने काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचं चित्रण केलं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं, की पेशीची आतली कड तंतूला चिकटून, जुन्या वेढ्यांच्या खालून पुढे सरकते. शेल्याच्या अगदी उलट!

नुसते वेढे पडून भागत नाही. थरांमधला पेशीरस निघून ते एकमेकांना घट्ट चिकटावे लागतात. मेंदूत हे काम मायलिन बेसिक प्रोटीन करतं. 'शिव्हरर' जातीच्या उंदरांत त्याच्या जनुकाचा मोठा तुकडाच नसतो, म्हणून ते सतत थरथरतात. १९८७ मध्ये कॅरल रेडहेड, लिरॉय हूड आणि सहकाऱ्यांनी ते जनुक या उंदरांत परत घातलं आणि थरथर थांबली. या उंदरांच्या पायांतल्या नसा मात्र आधीपासून बऱ्याच ठीक होत्या, कारण तिथे पी-झीरो हे दुसरं प्रथिन थर जोडून धरतं.

आपल्याकडे याच श्वान पेशीचा अभ्यास कुष्ठरोगाच्या निमित्ताने झाला, कारण कुष्ठजंतू तिच्यातच घर करतो. कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अँटिया यांनी मुंबईत 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' उभारली. तिथे वनजा शेट्टी यांनी रुग्णांच्या नसांचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कुष्ठरोगातल्या नसांवरचा या दोघांनी संपादित केलेला ग्रंथ १९९७ मध्ये आला.

बोटं वाकतात ती पुढे. नस त्याआधीच बिघडायला लागलेली असते. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात जा, औषध मोफत मिळतं.