धूर दिसतोय, पण कुणी उठत नाही

एक तरुण खोलीत बसून प्रश्नावली भरतोय. भिंतीतल्या झरोक्यातून धूर आत येऊ लागतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा हा प्रयोग. खोलीत एकटेच असलेल्यांपैकी ७५ टक्के जण उठून सांगायला गेले. पण शेजारी दोघं ढिम्म बसलेले असले (ते प्रयोगकर्त्यांचेच साथीदार), तेव्हा दहांपैकी फक्त एक!

उरलेले नऊ जण खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत होते आणि कागद भरतच होते. नंतर विचारलं, तर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एसीचं काहीतरी.

याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. दुसरा शांत आहे, म्हणजे धोका नसणार, असा अर्थ माणूस लावतो. खऱ्या गर्दीत तर तो दुसराही याच्याकडेच बघून निर्धास्त झालेला असतो.

गर्दी थांबवते, तशी ओढतेही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर आपली माणसं उभी केली आणि त्यांना सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघत राहायला सांगितलं. एकटाच वर बघत असताना ४ टक्के वाटसरू थांबले. पंधरा जण बघत असताना ४० टक्के. चालता चालता मान वर करणारे धरले, तर ८६ टक्के.