उन्हाच्या देशातला मुडदूस

मनगटे जाड, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी आणि चालू लागल्यावर पायांना बाक, ही मुडदुसाची ओळख. वाढत्या हाडांत कॅल्शियम नीट भरले जात नाही, म्हणून ती वाकतात. मोठ्यांची हाडे वाकत नसली, तरी मऊ पडतात. कंबर, मांड्या दुखतात, जिना चढताना जोर लागत नाही, आणि हे दुखणे बहुधा वयाच्या किंवा थकव्याच्या खाती टाकले जाते. दोन्हींच्या मुळाशी अनेकदा ड जीवनसत्त्वाची कमतरता असते.

हे जीवनसत्त्व आहारातून फारसे मिळत नाही. तेलकट मासे आणि अंड्याचा बलक सोडला, तर रोजच्या ताटात ते नसल्यातच जमा. शरीर ते त्वचेत तयार करते, तेही उन्हातल्या अतिनील-ब किरणांच्या साहाय्याने. पुढे यकृत आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होते, तेव्हा कुठे ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याच्या कामी येते. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पारदवाफेच्या दिव्याखाली ठेवून बरे केले होते.

भारतात तर ऊन फुकट आहे. तरीही २०१६–१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि किशोरवयीन २४ टक्के मुलामुलींत ही कमतरता आढळली. ऊन अंगणात पडते, अंगावर पडत नाही. अंगभर कपडे, बंद खोल्यांतले काम, शहरी धूर या सगळ्यांतून किरण अडतात. सावळ्या त्वचेला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी जास्त वेळ ऊन लागते. खिडकीच्या काचेतून ऊब येते, हे किरण जवळजवळ येतच नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा आपल्याकडे मोठा लौकिक, पण सूर्य खाली असताना अतिनील-ब किरण वातावरणातच बरेचसे शोषले जातात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते, ती वेळ खरी कामाची.

उपायांचा गोंधळही कमी नाही. दुधात आणि तेलात हे जीवनसत्त्व मिसळण्याची सोय आहे, तशा पाकिटांवर '+एफ' ही निळी खूण असते. गोठ्यातून थेट येणाऱ्या दुधाला मात्र तिचा लाभ नाही. दुसरीकडे ६०,००० युनिटची पुडी घरोघरी पोचली आहे. ती सहसा आठवड्याला एक, ठरावीक काळापुरतीच दिली जाते. रोज घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सर्व रोगांवरचा उतारा म्हणून ती घेण्यातही अर्थ नाही. सुमारे २६,००० अमेरिकनांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २,००० युनिट घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. त्यांपैकी बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती, हेही खरे. निरोगी प्रौढांची सरसकट रक्ततपासणी करू नये, असे अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये सुचवले. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांची गरज मात्र वेगळी धरली जाते.