विश्वस्त कोणास म्हणावें?

पाटीवर पहिलें अक्षर उमटतांना मुलाच्या मुखावर जो आनंद झळकतो, तो पाहण्याचें भाग्य शिक्षकास लाभतें. परंतु ती पाटी कोणीं आणिली, शिक्षिकेचें मानधन कोठून आलें, आणि दात्यानें दिलेला रुपया त्या पाटीपर्यंत पोंचला कीं वाटेंतच आटला, हें पाहणारीं कांहीं माणसें पडद्याआड असतात. त्यांस विश्वस्त म्हणतात. मुलांस वाचावयास शिकविण्यासाठीं आपल्याकडे लहान लहान संस्था निघतात. त्यांचे विश्वस्त बहुधा आपल्यासारखेच संसारी लोक असतात. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त कारकून. या कामाचें वेतन नसतें व त्याचा गाजावाजाही नसतो. तें काम नेमकें कोणतें, याचा विचार आज करूं.

विश्वस्त हा मालक नव्हे, दाता नव्हे आणि नोकरही नव्हे. तो दुसऱ्याचें राखणारा आहे. प्रत्येक विश्वस्तनिधींत तीन पक्ष असतात: एक देणारा, दुसरा राखणारा, आणि तिसरा ज्याच्यासाठीं राखावयाचें तो. पेढींत पैसे ठेवणारा मनुष्य पेढीवर जाऊन हिशेब मागूं शकतो. परंतु साक्षरतेच्या संस्थेंत तिसरा पक्ष म्हणजे सहासात वर्षांचें मूल. त्यास हिशेब मागतां येत नाहीं, दाखविला तरी वाचतां येत नाहीं, आणि आपलें कांहीं बुडालें हेंही त्यास कळत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें प्रश्न विचारणें हें विश्वस्ताचें पहिलें कर्तव्य होय. जो विश्वस्त बैठकींत मान डोलवून चहा पिऊन घरीं जातो, तो सज्जन असला तरी त्या मुलाच्या कामीं पडत नाहीं.

सातारा प्रांतांत या वृत्तीचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह सुरू केलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास श्रीछत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें. त्या मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडलें, हें सर्वश्रुत आहे. आपण या गोष्टींतील त्याग आठवतों, पण तिची दुसरी बाजू आठवत नाहीं. ज्या पेटींत एखाद्या माउलीचें मंगळसूत्र पडलें आहे, त्या पेटींतील पैसा कसा खर्चावा? प्रत्येक देणगी अशाच कोणाच्या तरी पोटाला चिमटा घेऊन आलेली असते, असें मानून जो किल्ली हातीं घेतो, तो विश्वस्त.

ही वृत्ति केवळ मनांत असून भागत नाहीं, म्हणून कायद्यानें तिला चौकट घालून दिली आहे. महाराष्ट्रांत १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा लागू आहे. त्याअन्वयें संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत करावी लागते. हिशेब नियमित ठेवून दरसाल ३१ मार्च रोजीं मिटवावे लागतात व ते तपासून घ्यावे लागतात. एखादा विश्वस्त वारला, सोडून गेला किंवा नवा आला, तर तो बदल ९० दिवसांच्या आंत कळवावा लागतो. संस्थेची जमीन अथवा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवांचून विकतां येत नाहीं. कित्येकांस हा कागदी जाच वाटतो. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. संस्थापक कितीही थोर असला तरी तो अमर नसतो. त्याच्यामागें कागदावर ज्यांचीं नांवें आहेत तेही दिवंगत झाले आणि बदल कोणीं नोंदविलाच नाहीं, तर बँकेंतील पैसा असून अडकतो, आणि तंटा लागला तर मुलांचा वर्ग बंद पडतो. कागद हा जाच नव्हे. उद्यांच्या मुलासाठीं बांधलेला तो बांध आहे.

आतां खरी कसोटी कोठें लागते तें पाहूं. समजा, एका लहान संस्थेस एका गृहस्थानें गोष्टींच्या पुस्तकांकरितां वीस हजार रुपये दिले, व पावतीवर तसें लिहिलें. इतक्यांत शिक्षिकेचें दोन महिन्यांचें मानधन थकलें. तिच्याही घरीं चूल आहे. बैठकींत एकजण म्हणतो, "पुस्तकें पुढल्या महिन्यांत घेऊं, तूर्त या पैशांतून मानधन देऊन टाकूं." बोलणारा कांहीं चोर नव्हे, त्याचा हेतुही चांगलाच आहे. तरीसुद्धां हा विश्वासभंग होय. पैसा ज्या कामासाठीं आला त्याच कामीं तो लागला पाहिजे, कारण दात्यानें आपला शब्द त्या पैशाबरोबर बांधून दिलेला असतो. मग शिक्षिकेस उपाशी ठेवावें काय? मुळींच नाहीं. दात्यास पत्र लिहून त्याची संमति मागावी. त्यानें लेखी होकार दिला तर ठराव करून इतिवृत्तांत नोंद करावी, व मगच रक्कम वळवावी. त्यानें नकार दिला तर विश्वस्तांनीं दुसरीकडे हात पसरावा, किंवा स्वतःच्या खिशांत घालावा. आणि पुढील सालच्या अंदाजपत्रकांत तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम राखीव ठेवावी, म्हणजे तीच अडचण पुन्हां येणार नाहीं. मोह हा बहुधा दुष्ट वेषांत येत नाहीं; तो निकडीच्या व परोपकाराच्या वेषांत येतो.

तथापि पैसा चोख राखला म्हणजे कर्तव्य संपलें, असेंही नाहीं. शुभवर्तमानांतील एक दृष्टांत आपल्या शाळेंतील मुलांस ठाऊक आहे. धनी परदेशीं जातांना चाकरांच्या हवालीं धन करितो. एक चाकर भीतीनें तें भूमींत पुरून ठेवितो, आणि धनी परतल्यावर जसेंच्या तसें परत देतो. त्यानें कांहीं चोरिलें नव्हतें. तरी धन्यानें त्यासच दोष दिला. साक्षरतेच्या संस्थेंत हें पुरलेलें धन म्हणजे कुलूप लावलेलें पुस्तकांचें कपाट! पुस्तकें मोजून बरोबर भरतात, एकही फाटलेलें नसतें, नोंदवहीही स्वच्छ असते, कारण तीं पुस्तकें कोणा मुलाच्या हातांत पडलेलींच नसतात. फाटलेल्या पुस्तकाबद्दल विश्वस्तानें फार खेद मानूं नये. न उघडलेल्या पुस्तकाबद्दल अवश्य मानावा.

म्हणून पैशाच्या हिशेबाबरोबर अक्षरांचाही हिशेब मागितला पाहिजे. त्याला मोठी विद्वत्ता लागत नाहीं. 'प्रथम' या मुंबईंत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून 'असर' नांवाची पाहणी खेडोपाडीं होत आली आहे. तिची रीत सोपी आहे: मुलास घरीं गांठून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास द्यावी, आणि तें कोठपर्यंत पोंचतें हें टिपावें. कोणत्याही लहान संस्थेनें वर्षारंभीं व वर्षअखेरीस असें टिपण ठेविलें, तर किती मुलें पायरी चढलीं हें विश्वस्तांस एका पानावर दिसेल. वर्गांत नांवें चाळीस आहेत, एवढें ऐकून समाधान मानूं नये. चाळिसांपैकीं किती गोष्ट वाचतात, हें विचारावें.

शिकलेलें अक्षर टिकलें कीं नाहीं, हाही प्रश्न आहे. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत प्रौढांसाठीं ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, व पुढें ती महाराष्ट्रभर पसरली. गांवेंच्या गांवें साक्षर झालीं, आणि त्यांचा ग्रामगौरव समारंभ थाटानें होऊं लागला. परंतु ज्यांच्या हातीं नंतर वाचावयास कांहीं पडलें नाहीं, ते कित्येक लोक पुन्हां निरक्षर झाले. गौरव एका दिवसाचा असतो, वाचन रोजचें असावें लागतें. मुलांच्या बाबतींतही नियम हाच.

आपल्या जत तालुक्यांत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. जत हें पूर्वीं डफळे घराण्याचें संस्थान होतें. १९४८ सालीं तें मुंबई राज्यांत विलीन झालें. दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलेल्या या भागास १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. पाऊस बेभरंवशाचा असल्यामुळें येथील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळा लागतां परततात. मुलेंही बरोबर जातात. उमदी, संख या बाजूस तर घरची भाषा पुष्कळदां कानडी असते. तेव्हां येथील संस्थेच्या विश्वस्तानें विचारावयाचे प्रश्न पुण्यामुंबईच्या प्रश्नांहून निराळे आहेत. तोडीस गेलेल्या मुलाबरोबर दोन पुस्तकें गेलीं काय? तें परत आल्यावर त्यास कोठून शिकवावयाचें, हें कोणीं पाहिलें काय? ज्याची आई कानडी बोलते, त्याच्यासाठीं कपाटांत एक तरी कानडी पुस्तक आहे काय? ज्या बैठकींत असे प्रश्न निघत नाहींत, ती बैठक ठरावांनीं भरलेली असली तरी रिकामीच समजावी.

संस्था लहान आहे म्हणून विश्वस्तानें खंत करूं नये. फलटणचें उदाहरण पाहावें. मूळच्या अमेरिकन, परंतु भारताचें नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनीं तेथें शाळेंत न टिकणाऱ्या दलित वस्तींतील मुलांस वाचावयास शिकविण्यापासून आरंभ केला. त्यांतूनच प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि १९८६ सालीं कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. शाखा किती, यापेक्षां एकेका मुलाकडे पाहणारी दृष्टि किती खोल, यावर संस्थेचें मोल ठरतें.

आणखी दोन गोष्टी संक्षेपानें सांगतों. पहिली ही कीं, विश्वस्तानें आपल्या नातलगाच्या दुकानांतून संस्थेची खरेदी होणार असेल, तर तें आधींच सांगावें व त्या ठरावापुरतें बाहेर बसावें. सचोटी असून भागत नाहीं, ती दिसलीही पाहिजे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मुलांशीं संबंध येणाऱ्या संस्थेंत कोणीं एखाद्या मुलाशीं दुर्वर्तन केल्याचें कानीं आलें, तर संस्थेच्या अब्रूसाठीं तें झांकूं नये. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणें २०१२ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. आणि कायदा नसता तरी माणुसकीनें तें बंधनकारकच होतें. संस्था मुलासाठीं आहे, मूल संस्थेसाठीं नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षांच्या आंत तुम्हांस विश्वस्त होतां येणार नाहीं. परंतु विश्वस्तपणाचा अभ्यास आजपासून करितां येईल. वर्गाच्या ग्रंथालयाची वही तुमच्या हातीं येते, सहलीची वर्गणी तुमच्यापाशीं जमते, शेजारच्या लहान भावंडास वाचून दाखविण्याचें काम तुम्हांवर सोंपविलें जातें. दुसऱ्याचा पैसा वेगळा ठेवा, त्याच दिवशीं लिहून ठेवा, उरलेला आणा न आणा परत करा. आणि पालकहो, एखाद्या लहान संस्थेनें तुमचें नांव मंडळावर घालण्याची विनंति केली, तर ती मानाची खुर्ची समजून स्वीकारूं नका, आणि वेळ नाहीं म्हणून एकदम नाकारूंही नका. आधीं तिची नियमावली, मागील तीन सालांचे तपासलेले हिशेब आणि मुलांच्या वाचनाचें टिपण मागा. ज्या संस्थेस हें मागणें रुचेल, तेथें जरूर जा. ज्या मुलास आज हिशेब मागतां येत नाहीं, तें उद्यां वाचूं लागेल, मोठें होईल, आणि कदाचित् तीच जुनी वही उघडून पाहील. त्या दिवशीं आपल्या सहीकडे बोट दाखवितांना त्यास अभिमान वाटावा, एवढ्यासाठीं आज जपून सही करावयाची.