सुईण आणि स्मशानाचा रखवालदार

जेथे सारे एकमेकांस ओळखत, तेथे कोणी मयत झाले की भाऊबंदच तिरडी बांधीत, लाकडे फोडीत आणि सरण रचीत. परंतु बदलापूरच्या वाढत्या वस्तीने खरवईसारखी गावे आपल्या पोटात घेतली आणि शेजारच्या बिऱ्हाडाचे आडनावही ठाऊक नसलेल्या चाकरमान्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून ही अखेरची सेवा बव्हंशी पगारी माणसाकडे गेली आहे. त्याचे नाव विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतो.

वस्तुतः काम कौशल्याचे आहे. एका देहाला साधारणतः 300 किलो लाकूड लागते. तळाशी जाड ओंडके, मध्ये हवा खेळेल एवढी पोकळी आणि छातीवर वजनदार लाकूड, कारण धड सर्वांत उशिरा जळते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील आषाढ-श्रावणात, सरपण दमट असता, वारा कोणत्या अंगाने येतो हे पाहून अग्नी कोठे द्यावा ते तो मुलाला हलकेच सांगतो, आणि मंडळी परतल्यावर ढासळलेले ओंडके बांबूने पुन्हा आत सारीत बसतो.

समाजाने या हातांना काय दिले? अंत्यविधी सांगणाऱ्या किरवंताला त्याच्याच ब्राह्मण जातभाईंनी दूर ठेवले, हे प्रेमानंद गज्वी यांनी ‘किरवंत’ नाटकात ठणकावून मांडले; मंत्र म्हणणाऱ्याची ही गत, तर चिता राखणाऱ्याविषयी बोलावयासच नको. हरिश्चंद्र डोंबाघरी राबला म्हणून आपण सद्गदित होतो. प्रत्यक्ष डोंबाला मात्र उंबऱ्याबाहेर उभे करतो. हा दांभिकपणा मला कोणत्याही विटाळाहून ओंगळ वाटतो. करोनाच्या काळात सख्खे नातलगही दूर उभे राहिले, तेव्हा देह चितेवर ठेवला तो याच हातांनी.

कायदा या बाबतीत समाजाहून समंजस निघाला. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 10 मध्ये निबंधकास खबर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली आहे, त्यांत सुईण आहे आणि लगेच तिच्या पाठोपाठ दहन-दफनाच्या जागेचा रखवालदार आहे. त्याच्या वहीतील नोंद दाखल्यापर्यंत, दाखला वारसनोंदीपर्यंत पोहोचतो. नावात एक अक्षर चुकले, तर विधवेला तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. म्हणूनच तो शोकाकुल मुलापुढे वही धरून वडिलांचे संपूर्ण नाव दोनदा विचारतो, आणि सोबतच्या मंडळींना निष्ठुर वाटतो.