फाल्गुनराव खलनायक की रुग्ण?

अकोल्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांनी 'संगीत संशयकल्लोळ' पुन्हा एकदा पाहिले, पूर्वीसारख्याच पोट धरून हसल्या, पण घरी आल्यावर झोप काही लागेना. त्या विचारतात, "डॉक्टरसाहेब, फाल्गुनराव हा मनुष्य दुष्ट म्हणावा की आजारी? आणि अश्विनशेट तर नाटकाचा नायक. तोही रेवतीवर असाच संशय घेतो. मग त्याला नायक का म्हणायचे?" पत्राच्या अगदी शेवटी, सहज लिहावे तसे, "आमचे जावईही जरा तसेच आहेत" एवढे वाक्य आहे. दवाखान्यात रुग्ण उठून दाराशी जाताना जे बोलतो, त्यासाठीच तो बहुधा आलेला असतो. म्हणून हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

ज्यांनी नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. कथानकाचे मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराकडे जाते, पण देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन ते पुरते मराठी करून टाकले. रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती तिच्या हातात फाल्गुनराव पाहतो. पुढे तीच तसबीर अश्विनशेटला भलत्याच ठिकाणी दिसते आणि ज्या रेवतीवर तो जीव टाकतो, तिलाच तो बेइमान ठरवून मोकळा होतो.

शंभर वर्षे उलटली. आता तसबिरीची जागा मोबाइलने घेतली आहे. कोणाचा फोन होता, दहा मिनिटे उशीर का झाला, पासवर्ड का बदलला, माहेरी रोज काय बोलतेस! माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी "काय होते?" असे विचारतो आणि उत्तर शेजारचा नवरा देतो. मी पुन्हा तिच्याकडे पाहून विचारतो, पुन्हा तोच बोलतो. तक्रार असते डोकेदुखीची, छातीत धडधडण्याची, झोप न येण्याची किंवा पोटात आग पडण्याची. सगळ्या तपासण्या चांगल्या येतात. गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी बाई पुन्हा हजर.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझ्या मते फाल्गुनराव खलनायक नाही, आणि अश्विनशेट तर नाहीच. कारण शेवटी सगळी माणसे समोरासमोर येतात, तसबिरीचा उलगडा होतो आणि दोघेही तो उलगडा मान्य करतात. डॉक्टरच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पुरावा दिसल्यावर ज्याचा संशय फिटतो, तो स्वभावाने संशयी असेल, त्रासदायकही असेल, पण त्याचे डोके ठिकाणावर आहे. शिवाय कृत्तिका काही कमी नाही. ती नवऱ्याला तोडीस तोड उत्तर देते, स्वतःही त्याच्यावर पाळत ठेवते. तिला त्याची भीती वाटत नाही, म्हणूनच आपल्याला मोकळेपणी हसता येते.

खरा रोगी वेगळा असतो. त्याला पुरावा दाखवला की तो अधिकच पेटतो. "इतके पद्धतशीर लपवले आहे म्हणजे नक्कीच काहीतरी आहे" असा त्याचा हिशेब असतो. तो चादरी तपासतो, कपड्यांचा वास घेतो, काम सोडून बायकोच्या मागे फिरतो, कबुली द्यावी म्हणून रात्र रात्र तिला झोपू देत नाही. या विकाराला दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९५५ साली शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचे नाव दिले. गंमत पाहा, त्याच ऑथेल्लोला देवलांनी १८९० मध्येच 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणले होते. म्हणजे संशयाची हसवणारी बाजू आणि जीव घेणारी बाजू, दोन्ही एकाच लेखकाने आपल्यापुढे ठेवल्या.

हा विकार नुसत्या समजुतीने जात नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञाची औषधे लागतात आणि ती बऱ्याच जणांना लागूही पडतात. सत्तरीच्या आजोबांना एकाएकी आजीबद्दल संशय येऊ लागला तर घरचे हसण्यावारी नेतात, नाहीतर लाजेने दाबून टाकतात. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. कंपवाताच्या काही गोळ्यांमुळेही असे होते. अशा वेळी सगळ्या औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे जावे.

आणखी एक मोठे कारण म्हणजे दारू. फाल्गुनरावाची भूमिका गाजवणारे गणपतराव बोडस यांनीच पुढे १९१९ मध्ये 'एकच प्याला'तला सुधाकर उभा केला. तो लेखक तर आपल्या जवळचा; राम गणेश गडकऱ्यांनी देह ठेवला तो नागपूरजवळच्या सावनेरला, नाटकाचा पहिला प्रयोग होण्याच्या महिनाभर आधी. सुधाकरही खलनायक नाही. हुशार वकील, बायकोवर प्रेम करणारा. पण अखेरीस त्याच्या हातून तान्हे मूल जाते, सिंधू जाते, आणि मरता मरता ती पोलिसांना सांगते काय, तर आपण पडलो! प्रेक्षक रुमाल काढतात. मला मात्र त्या वाक्याची धास्ती वाटते, कारण ते मी दवाखान्यात ऐकतो. "न्हाणीत घसरली जी डाक्टरसायेब." घसरणाऱ्याचे गुडघे, कोपर, तळहात खरचटतात. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ उठत नाहीत, आणि एक डाग काळानिळा तर दुसरा पिवळा पडलेला, असेही एका घसरण्यात होत नाही.

तेव्हा भगिनी, नवरा दुष्ट आहे की आजारी, हे ठरवणे डॉक्टरचे काम. मुलीने त्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. आजारी माणसाच्या हातूनही तेवढाच जोराचा तडाखा बसतो. आजार असेल तर उपचार करावेत, पण त्यासाठी मुलीने मार खात तिथे राहावे असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही. विशेषतः त्याने गळा धरला असेल, "तुला मारीन, मीही मरेन" असे म्हटले असेल किंवा घरात हत्यार जवळ ठेवू लागला असेल, तर ती रात्रही तिथे काढू नये.

एक सूचना. चहात गुपचूप घालायच्या "दारू सोडवा" पुड्या आणू नका. त्यांतल्या काहींत असे औषध असते की वर दारू पोटात गेल्यास रक्तदाब एकदम उतरून माणूस दगावू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करणेही घरी करू नये. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो. अमरावतीचे इर्विन असो वा अकोल्याचे सर्वोपचार, तिथे दाखवून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी.

मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे. महिलांसाठी १८१, आणि प्रसंग अंगावर आला तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, सतत चारित्र्यावर शिंतोडे उडवणे, पैसे अडवणे हेही धरले आहे, नुसता मार नव्हे. अर्ज करण्यासाठी संरक्षण अधिकारी असतात आणि घर सोडले नाही तरी अर्ज करता येतो.

पण आधी मुलीशी बोला. फोनवर नको, तो कोण ऐकत असेल सांगता येत नाही. सणावाराच्या निमित्ताने चार दिवस माहेरी आणा आणि "जरा जुळवून घे" हे वाक्य एवढे चार दिवस तोंडातून काढू नका. मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन जा. आत तिला एकटीलाच जाऊ द्या. तुम्हीही बाहेर बाकावर बसा.